पहिल्या नंबरची जागा

"पुन्हा चिंगीच पहिली! आणि आमची मनू? अर्ध्या मार्कानं दुसरी!"

पार्लरवाली कंगवा असा ओढत होती, की खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चिंगी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मोठ्या जाऊबाईंची लेक. दोघी पहिलीपासून एका वर्गात, आणि पहिलीपासून हेच रडगाणं.

त्यात विद्यापीठानं नवीन नियम काढला होता. डॉक्टरकीला प्रत्येक हायस्कूलमधून एकच मूल थेट घेणार, शाळेत पहिलं येईल ते. मधेच शाळा बदलली की हक्क गेला. बाकीच्यांनी बसावं परीक्षेच्या गर्दीत मरत.

म्हणजे शेवटी ती जागाही चिंगीलाच? पार्लरवालीच्या जिवाचा नुसता तिळपापड झाला. यंदा दोघी हायस्कूलला जाणार होत्या, आणि गावातली सगळी हुशार पोरं टेकडीवरच्या शाळेत जायची. बाजारामागच्या शाळेत कुणी ढुंकून बघत नव्हतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि संध्याकाळी वर गेली.

"ताई, चिंगीला टेकडीवरच घाला हं. तिच्यासारखीचं तिथंच सोनं होईल."

"आणि मनू?" जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"तिला कुठलं झेपतंय ते! बाजारामागची बास झाली."

जाऊबाईंनी दोन जुड्या निवडून बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "तू सांगतेस म्हणजे विचार करूनच सांगत असशील."

मनूनं रडून घर डोक्यावर घेतलं. "सगळे टेकडीवर जाणार, मग मीच का नाही?"

"डॉक्टर व्हायचंय ना? मग तोंड मीट!"

पार्लरमध्ये मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नाही. खुर्चीत बसलेली प्रत्येक आई म्हणायची, "आमचं टेकडीवरच." ही म्हणायची, "छान, छान," आणि पोटात हसायची.

शाळेच्या पहिल्या दिवशी ती मनूला घेऊन बाजारामागच्या फाटकात शिरली आणि जागीच थबकली. पटांगणात तिच्याच गिऱ्हाइकांची पोरं! बँकवालीचा मुलगा, दातांच्या डॉक्टरणीच्या जुळ्या, गणितात पैकीच्या पैकी घेणारी ती चष्मेवाली, झाडून सगळे. त्यांच्या आया एकमेकींची नजर चुकवत उभ्या होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सटव्या मेल्या! पण यांच्या कानात फुंकलं कुणी?

ती तणतणत घरी आली. जिन्यात जाऊबाई भेटल्या, तोंडभर हसत.

"अगं, केवढा मान आहे तुला! येता-जाता बायका मला विचारायच्या, मनू कुठल्या शाळेत जाणार म्हणून. मी सांगायचे, बाजारामागच्या. कुणाला खरंच वाटेना. शेवटी मीच म्हणायचे, एवढी हुशार बाई, काही बघितल्याशिवाय पोटच्या पोरीला तिथं घालेल का?"



जाऊबाईंनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "टेकडीवरचा वर्ग ओस पडलाय बघ. आमच्या चिंगीला आता तिथं तोडच उरली नाही."