पाचवा अर्थ

सदाशिवरावांनी बादलीत फडका पिळला आणि ते फळ्याकडे वळले.

"पुसू नका भाऊजी," इंदूबाई आतून म्हणाल्या.

"उद्या तेरवी हाये वहिनी. दिग्रसचे सारे मास्तर येतीन. भाऊचा फोटो कुठं लावू मंग?"

"पाचवा अर्थ कोणी सांगितल्याबिगर ते फळा पुसत नव्हते."

समोरच्या खोलीतली थोरल्या भावाची, म्हणजे सरांची, शिकवणी बारा दिवसांपूर्वी तिथेच थांबली होती. सारखी सुरुवात असलेले पाच इंग्रजी शब्द. चारांचे अर्थ सर लिहून देत, पाचवा मुलांनी शोधून आणायचा. प्रिपेअर, आधी तयारी करणे. प्रीडिक्ट, आधीच सांगणे. प्रीकॉशन, आधी घेतलेली काळजी. प्रीमॅच्युअर, वेळेआधीचे. शेवटी प्रीव्हेंट, आणि पुढे रिकामी जागा. त्या शब्दाची अक्षरे जरा खाली घसरली होती.

सरांची मुलगी उर्वशी त्या अक्षरांकडे बघत होती.

"त्या बुधवारी भाऊनं तुले फोन केलता ना?" काकांनी विचारलं.

"केलता."

"छातीत दुखते म्हणून?"

"गॅस असंन म्हटलं मी. रविवारी येतेच म्हटलं."

फडका पुन्हा बादलीत बुडवून सदाशिवरावांनी तो उगाच पिळला.

दारात खुशी उभी होती, वही छातीशी धरून. शिकवणी नव्हती, तरी ती रोज पाच वाजता यायची आणि इंदूबाईंजवळ थोडं बसून जायची.

"ये वं पोरी," सदाशिवराव म्हणाले. "तुले येते का हा पाचवा?"

"मी त त्याच दिवशी लिवलता. सरांना दाखवाचा राह्यला." तिने वही उघडली. "होऊ द्यायच्या आधीच थांबवणं."



"बरोबर हाये का वं?" काका उर्वशीकडे वळले. "तू त कॉलेजात इंग्रजीच शिकवतं. सांग, म्हंजे पुसतो."

फडक्यातून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"नाही," उर्वशी म्हणाली. "चूक आहे."

इंदूबाईंनी लेकीकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

"मंग राहू द्या भाऊजी. फोटो खुर्चीवर ठेवू."

खुशीने मान हलवली. "मंगळवारी पेपर हाये ताई. बरं झालं सांगितलं तुम्ही."

ती उंबऱ्यावर बसली, कंपासमधून पट्टी काढली. चुकलेलं खोडायचं ते एकाच रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे, ही सरांची शिस्त. तिने पट्टी नीट धरून रेघ मारली.

खालचं सगळं वाचता येत होतं.