बाद फेरी

"अध्यक्षसाहेब, तुमीच माही टीम हरवली!" भर सत्कारात जागेश्वर गुरुजी ओरडले.

चार वर्षं त्यांचा कबड्डीचा संघ लाखांदूरच्या स्पर्धेत साखळीत पहिला यायचा आणि ऐन भातलावणीत, रोवण्याच्या दिवसांत येणाऱ्या बाद फेरीत आपटायचा. म्हणून गावच्या क्रीडा मंडळानं त्यांना काढून धनंजयला कोच केलं. यंदा त्याच खेळाडूंनी कप आणला. धनंजयच्या गळ्यातला हार पाहून गुरुजींच्या अंगाची लाही लाही होत होती.

मंडळाचे अध्यक्ष हसले. "बाद फेरी जिंकते तोच खरा कोच, गुरुजी. कायले जळून राहिले?"

"जळून राहिलो, खरं हाय. पण तुमच्या शेतात रोवण्याची मशीन यंदाच आली ना?"

गुरुजींनी बोट रोखलं. "मंग चारही वर्षं सेमीफायनलच्या दिवशी माहे सहा खेळाडू कोनाच्या धानाच्या बांधीत रोवणा करून राहिले होते, सांगा!"