इंजिन त्यांचंच आहे

"पुन्हा फिरव," म्हातारी म्हणाली.

लेकाने पुन्हा चावी फिरवली. लाल गाडीने साधी उचकीही दिली नाही. अंगणात दीर, जाऊ आणि निम्मी गल्ली जमली होती. म्हातारी ठेवणीतले कपडे घालून पुढच्या सीटवर ताठ बसली होती, जसं काही अडलंच नाही.

नवऱ्याची ही स्पोर्ट्स कार घरामागे पडून सडली होती. पत्र्याला बोट लावलं तर आरपार जायचं. मांजरं व्यायची तिच्यात. नवरा गेला त्या दिवशी दीर चारचौघांत म्हणाला होता, "दादाने मागे ठेवलं काय, तर भंगार." तो शब्द म्हातारीच्या काळजात रुतून बसला. ही गाडी फाटकातून बाहेर पडेल आणि हा मेला बाजूला उभा राहून बघेल, असं तिने तेव्हाच ठरवलं.

मिस्त्रीने बॉनेट उघडून मान हलवली. इंजिन गंजून जाम झालेलं, सुटे भाग कुठे मिळेनात. "नवीन गाडी फोडून तिचं सगळं हिच्यात घालावं लागेल, मावशी."

नवीन गाडी दारातच होती. सुनेची. तिच्या वडिलांनी दिलेली.

"आई, मग मी कामाला कशी जाऊ?" सुनेने विचारलं.

"बसने. आमच्या पायांना काय चाकं होती?"

लेक जमिनीकडे बघत राहिला. तेवढं एकच काम त्याला चांगलं जमायचं. सुनेच्या गाडीचं इंजिन निघालं, गिअर निघाले, ब्रेक, वायरी, सगळं निघालं आणि लाल गाडीत बसलं; तिचा सडका पत्राही बदलला. उरलेला सांगाडा भंगारवाला ओढून घेऊन गेला. सून पायरीवर उभी राहून बघत होती. मग पर्स उचलून ती बस पकडायला गेली. आणि म्हातारीने दिराला निरोप धाडला, "या बघायला. इंजिन त्यांचंच आहे, नुसतं तेलपाणी केलं."

आता मिस्त्री धावत आला आणि खिडकीतून कुजबुजला, "मावशी, चावी कुठली लावलीत?"

"ह्यांची. दुसरी कुणाची लावणार? तुला मुद्दाम जुनं कुलूप बसवायला लावलं ते कशासाठी?"

"कुलूप फिरतं हो तिने. पण ही आजकालची इंजिनं फक्त आपल्या चावीला ओळखतात. ती जवळ नसेल तर पेटतच नाहीत. मी रोज सूनबाईंचीच चावी जवळ धरून चालू करायचो. सकाळी त्यांनी मागून नेली."

"लाव तिला फोन," म्हातारी लेकाला म्हणाली. "स्पीकरवर लाव." सून नवऱ्याच्या कानात काय ओतते ते तिला नेहमीच ऐकायचं असे.

सुनेने फोन उचलला.

"ती चावी घेऊन ये आत्ताच्या आत्ता. पाहुणे खोळंबलेत."

"आई, ती माझ्या गाडीची चावी आहे." सुनेचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "माझी गाडी कुठे आहे ते तुमच्या तोंडाने सांगा. लगेच घेऊन येते."

दीर हळूच पुढे आला आणि बॉनेटवर हात टेकून वाकला.

"सांगा की वहिनी. कुठे आहे सुनेची गाडी?"

इथेच आहे, मी तिच्यातच बसलेय. एवढंच म्हणायचं होतं. शब्द म्हातारीच्या ओठापर्यंत आले. तिने ते कडू औषधासारखे गिळले, आणि लेकाच्या हातातला फोन घेऊन बंद केला.

"ढकला," ती म्हणाली.

"ढकलून चालू व्हायची नाही, मावशी."

"चालू कर म्हणतंय कोण? फाटकाबाहेर जाईपर्यंत ढकला."