वाकवलेला रेणू

रसायनशास्त्राच्या बाई चक्रावून गेल्या होत्या. त्यांच्या पोटच्या मुलीने जेवणाच्या टेबलावर गोळे आणि काड्यांचा कार्बन डायऑक्साइडचा रेणू तिसऱ्यांदा वाकडा जोडला होता.

"कार्बनचं संकरण कोणतं?"

"एसपी. म्हणून रेणू सरळ रेषेत," मुलीने घडाघडा म्हणून दाखवलं.

"येतंय की सगळं. मग घोडं अडतंय कुठे?"

मुलीने मधला, कार्बनचा काळा गोळा चिमटीत धरला. "आई, सरळ ठेवला की दोन्ही ऑक्सिजन एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब जातात. मधल्याला ते आवडत नसेल."

बाईंना काहीच उलगडेना. गोंधळून त्यांनी नकळत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेवणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

मधल्या खुर्चीतल्या मुलीने नेहमीसारखा निरोप पोचवला, "बाबा, आई तुझ्याकडे बघतेय."