दिवसभराचं पॉलिश

"गाडीचं पॉलिश तासाभरात झालं, तर दिवसभराचे पैसे कसले रे उदय? हाताने घासायचास तेव्हा ठीक होतं. आता मशीन घासते, तू नुसता धरतोस. निम्मे घे."

उदयचं डोकं सटकलं. मशीनचा हप्ता काय पंढरीनाथकाका भरणार होते? पण त्याने जीभ आवरली. "काका, हा फक्त पहिला हात झाला. संध्याकाळी या."

काका गेले. उदयने चकचकीत गाडीवर कव्हर घातलं आणि तिच्या सावलीत मस्त झोप काढली. संध्याकाळी तोंडावर, बनियनवर पाणी मारून उभा राहिला. काकांनी बॉनेटमध्ये स्वतःच्या मिशा बघितल्या, पूर्ण पैसे दिले, वर चहालाही दिले. "बघ, घाम गाळला की कशी चमकते."

आठवड्याभरात शांती नगरमध्ये उदयच्या गल्लीत कव्हर घातलेल्या गाड्यांची रांग लागली. एका दुपारी त्याची बायको निशा डबा घेऊन आली.

"सगळ्या झाल्यात ना? मग बस की जेवायला."

"वेळ कुठंय? इंद्रलोक बिल्डिंगमधल्या मॅडमची गाडी सकाळीच झालीय, पण त्या गॅलरीतून बघत बसतात. म्हणून ती संध्याकाळपर्यंत नुसती घासत राहायचीय. निघतो मी."