शुद्ध प्रत

मयुरीनं ‘रिप्लेस ऑल’ दाबलं आणि एका झटक्यात सगळे ‘ले’ जाऊन ‘ला’ झाले. मले, तुले, त्याले यांचं मला, तुला, त्याला. एकदा ‘ले’पुढची मोकळी जागा धरून केलं, एकदा टिंब धरून, एकदा स्वल्पविराम धरून. नुसताच ‘ले’ धरला असता तर लेकराचं लाकर झालं असतं. तेवढं तिच्या डोक्यात होतं.

सासऱ्यांचा हुकूमच होता तसा. सुलोचनाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, आपल्या भाजीच्या वाडीवर पुस्तक लिहिलं होतं. मयुरीनं ते टाइप केलं होतं. पुण्याचं कोणीतरी त्याचं कॉम्प्युटरवर वाचायचं पुस्तक करून देणार होतं आणि आज फाइल पाठवायची होती. “गावठी ठेवू नको त्याच्यात,” बबनराव सकाळी दुकानात जाताना बजावून गेले होते. “लोकं हासतीन आपल्याले. शुद्ध कर.”

तिनं फाइल सेव्ह केली, बंद केली. रिकाम्या ओळी काढायच्या म्हणून पुन्हा उघडली. आणि दुसऱ्याच पानावर तिची नजर अडकली.

‘हे वावरातून आला. हे आला की आम्ही गप बसत होतो. आधी हे जेवला, मंग आम्ही.’

सासूबाईंनी तर ‘आले’ लिहिलं होतं, ‘जेवले’ लिहिलं होतं. तो ‘ले’ही गेला होता. तिनं खाली सरकवलं. हे बोलला. हे रागावला. पानोपानी. मागे घ्यायचं बटण दाबून पाहिलं, पण फाइल एकदा बंद झाल्यावर मागे घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता एकेक ओळ डोळ्यांनी पाहूनच दुरुस्त करावी लागणार.

बाहेर स्कूटर थांबली.

पाळण्यात कुरकुरणारी आठ महिन्यांची रोशनी एकदम गप्प झाली. तो आवाज ती ओळखायला लागली होती. मयुरीच्या ते मागच्याच आठवड्यात लक्षात आलं होतं आणि तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, निकेशलासुद्धा नाही.

“झालं का शुद्ध?” बबनराव चपला न काढताच आत आले.

“हो, बाबा. म्हणजे, थोडं राहिलंय.”

“दाखव.”

त्यांनी पडद्याशी नाक नेलं, डोळे बारीक केले, मागे झाले. मोतीबिंदू होता. “नुसतं चमचम करून राह्यलं. अवो, इकडे ये. वाचून दाखव.”

सुलोचनाबाई पदराला हात पुसत आल्या आणि उजवा कान पुढे करून उभ्या राहिल्या. डावा कान, चहात साखर कमी पडली होती त्या दिवशी गेला.

बबनराव सुनेला काही करणार नाहीत, हे मयुरीला माहीत होतं. पुस्तक जिनं लिहिलं तिला करतील. तिनं भराभर पानं सरकवली आणि भेंडीच्या लागवडीवर आणून थांबवली. भेंडीत माणसं नव्हती.

“‘भेंडीला पाणी सकाळच्या पारी…’”

“भेंडी राहू दे. माह्यं आलं असन थे वाच.”

“ते मागे आहे, बाबा. फाइल जरा हळू चालते, मी नंतर—”

“मंग घे ना मागं.”

पान मागे सरकलं.

“‘हे वावरातून…’” सुलोचनाबाई थांबल्या.

मयुरीला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. खुर्चीच्या पाठीवर बबनरावांची बोटं होती. ती त्या बोटांकडे पाहत राहिली.

“काऊन थांबली? आपल्या हातचं लिवलेलं वाचता येत नाई काय?”

“येते जी.” सुलोचनाबाईंनी घसा साफ केला. “‘हे वावरातून आले. हे आले की आम्ही गप बसत होतो. आधी हे जेवले, मंग आम्ही. हे बोलले थे खरं.’”

कुठं अडखळल्या नाहीत. पडद्यावर आला, जेवला, बोलला. तोंडातून आले, जेवले, बोलले. अर्धं पान त्यांनी असंच वाचलं.

बोटं खुर्चीवरून निघाली.

“हां! आता कसं! याले म्हणतात शुद्ध. देऊन टाक धाडून.” बबनराव हात धुवायला मागे मोरीवर गेले. “अन् ताट वाढा.”

मयुरी कुजबुजली. “आई, चुकलं माझं. त्या ‘ले’च्या नादात बाबांचं सगळं… मी नाही पाठवत आज. ओळ न् ओळ पाहून नीट करते.”

सुलोचनाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्यावर बोट ठेवून त्या त्याच ओळी पुन्हा वाचत होत्या, नुसते ओठ हलवत. हे जेवला. हे झोपला. बोट हळूहळू खाली उतरलं आणि एका जागी थांबलं.

“हे काय झालं वो? ‘मांडवावर कारला लटकला’?”

“‘कारले लटकले’ होतं, आई. त्याचाही ‘ले’ गेला.”

“थे तेवढं नीट कर. कारल्यानं काय केलं बिचाऱ्यानं!”

“आणि बाकीचं? कोणी वाचलं, बाबांना जाऊन सांगितलं, तर?”

मोरीवरची चूळ थांबली. “काय कुजबुज चालू हाय थे?”

“काई नाई जी,” सुलोचनाबाई मोठ्यानं म्हणाल्या, “भाजीचंच बोलून राह्यलो.” मग मयुरीच्या कानाशी वाकल्या. “बाकीचं बरोबर हाय.”