डावऱ्या हाताची गाठ

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांची होडी शेडमध्येच उभी होती आणि विम्याचा हप्ता मात्र वर्षागणिक चढत होता. “कोरड्या जमिनीवरची होडी बुडतेय कशाला? आगीपुरता विमा ठेवा आणि मोकळे व्हा,” हे बायकोचं म्हणणं लेकाला पटलं होतं. भरदुपारी, एजंटला फोटो पाठवायचा म्हणून त्याने ताडपत्री ओढली आणि हात तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच वाळवून गुंडाळून ठेवलेला नांगराचा दोर ओलाचिंब होता. दोराला ताजं शेवाळ चिकटलं होतं आणि टोकाला बाबांची डावऱ्या हाताची गाठ होती, जी त्याला जन्मात जमली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. “आगीपुरताच करू ना, साहेब?” एजंटने विचारलं. “नको, पूर्ण विमा करा.” “बरं. चालवणाऱ्याचं नाव आता तुमचं टाकतो.” दोरातून टपकणाऱ्या पाण्याकडे पाहत तो म्हणाला, “बाबांचंच राहू द्या.”